खाडा

क्लायपेडाच्या बंदरात, क्रेनच्या केबिनमध्ये
व्हायदिले बसते. खाली कंटेनर, मीठ, गंज.
दोन बोटींच्या मधल्या वेळात
वजनाच्या पावतीमागे कुरव पक्षी काढते.
चोच नेहमी चुकते.

नवरा विचारतो, विकलं का एखादं?
ती बटाटे सोलत राहते.
सालाला पक्ष्याच्या मानेचा बाक आलेला,
ते कुणाला सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात हात आतूनच गोठला.
चाळीस दिवस एक रेघ नाही.
तरी रोज पेन्सिलीला टोक काढायची,
सालपटं डबीत भरायची
आणि कॅलेंडरवर लिहायची: हजर.

मार्चात खाडीतला बर्फ फुटला.
आज पावतीवर फक्त चोच आहे.
बाकीचा पक्षी
येईल तेव्हा येईल.