अंगचं पाणी

सुतक फिटलं, आज तिखट.
आचऱ्याच्या तिठ्यावर याकूबने मटण तोललं,
काटा रिकामा झाल्यावर
चरबीचा एक पांढरा गोळा पिशवीत टाकला.
"ही वजनात नाय. गुणाजीची."

टोप चुलीवर. मीठ, हळद, आलं-लसूण.
मी तांब्या उचलला तशी मावशीने मनगट धरलं,
"पाणी घालू नको गो. तेच्या अंगात आसा."
झाकणावरच्या परातीत तेवढं ओतलं
आणि आम्ही दोघी बसलो
आत काय चाललंय ते ऐकत.

आधी चर्र. मग बराच वेळ काही नाही.
मग कुणी न सांगता
पाझरू लागलं.
झाकण सरकवलं तर मांस बुडालेलं स्वतःच्याच रसात,
वर चरबी, खाडीवर डिझेल पसरतं तशी,
रंग बदलत.

बापाच्या अंगाला यायचा डिझेलचा वास. डिझेल, सुंगटं, विडी.
जन्मभर मासळी ओढली,
रविवारी मात्र म्हणायचा, आज खारं नको.
नळी कधी कुणाला दिली नाही त्याने.
ताटाच्या कडेवर ठोकायचा, ठक् ठक्,
डोळे मिटून ओढायचा,
आम्ही पोरं बघत राहायचो
त्याच्या गळ्याची घाटी.

आज नळी माझ्या ताटात आली.
कुणी वाढली, विचारलं नाही.
ठोकली. पंगत गप्प.
निसटून आलं मऊ, राखाडी, एवढंसं,
गरम.
तिखट झालंय, मी म्हणाले, डोळ्यांना ओढणी लावत.
मावशी म्हणाली, मसालो मीच घातलंय, बेताचो.

याकूबच्या गोळ्यातली निम्मी
आईने वाटीत कढवून ठेवली होती.
सकाळी थिजली. कोकमतेल संपलेलं,
म्हणून तीच टाचांच्या भेगांत भरत बसली उंबऱ्यावर.
मी रेशनकार्डातून त्याचं नाव कमी करायचा अर्ज घेतला.
राख, साबण, लिंबाची साल, सगळं करून झालं होतं,
तरी अंगठा उमटला
नेमका नावावर.

कागद तेवढाच आरपार झाला.
उजेडाकडे धरला तर
मागच्या पानावरच्या सूचना दिसतात, उलट्या अक्षरांत,
आणि त्यांच्यात अडकलेला
गुणाजी भिवा तारी.

दुसरा अर्ज मिळतो तिठ्यावर, झेरॉक्सच्या दुकानात.
दोन रुपये पडतात.