हात जाईल एवढं

शेडला एसी नाही, म्हणून शुक्रवारी
पहाटे साडेचारलाच सुरू करतो.
आठवडाभर मी शारजात डक्टचा पत्रा वाकवतो.
उम्म अल-कुवैनचा हा पत्रा वेगळा,
पातळ आणि मानी.
एकदा चुकीचा वाकला की सरळ होत नाही,
झाल्यासारखं दाखवतो.

पंखाच्या पोटाला अकरा झरोके.
कशाला, मी पहिल्या दिवशी विचारलं.
हुमैदसाहेब म्हणाले, आत जिथे काही हलतं
तिथे हात पोचला पाहिजे.
त्यांनी पुठ्ठ्याला भोक पाडलं,
माझं घड्याळ काढायला लावलं,
हात आतबाहेर करून बघितला,
अंगठा अडला तिथे आणखी कापलं.
आता अकराही झरोके माझ्या मापाचे आहेत.

पहाटे बसलेलं झाकण दुपारी बसत नाही.
पत्रा तापतो, कागदभर वाढतो.
मी कानस उचलली की ते म्हणतात, थांब.
चहा होतो. नमाज होते.
खाडीवरून थोडी हवा सुटते
आणि तेच झाकण
कुणी समजूत घातल्यासारखं जागेवर येतं.

इंजिनवरचं छोटं दार मी उलटं धरलं होतं.
बिजागरी पुढे हवी, खिट्टी मागे.
खिट्टी निसटली तरी
वाऱ्यानेच दार लोटून धरलं पाहिजे.
रात्री फोनवर शमीमला हे सांगितलं.
ती म्हणाली, म्हणजे ज्याची भीती
त्यालाच राखणीला बसवायचं.
मग म्हणाली, पगार झाला का?

सातव्या झरोक्यात वॉशर पडला.
चुंबकाला दाद देणारा नव्हता.
तीन इंचांच्या भोकातून मी बोटांनी
अंधार चाचपला, बरगडी न् बरगडी,
कोपरापर्यंत ओरखडे.
शेवटी दोघांनी पंख उचलला
आणि सुपासारखा पाखडला.
टिंग. पुन्हा टिंग.
एवढासा आवाज. हुमैदसाहेब जमिनीवर बसून
लहान मुलासारखे हसले.

आज शेवटचं झाकण.
आतल्या बाजूला काही लिहावं म्हणून
कानामागची पेन्सिल काढली
तर ते ओरडलेच. पेन्सिलीचं शिसं
ॲल्युमिनियमला हळूहळू खातं,
रेघ असते तिथून पत्रा सडतो.
आयुष्यभर मी पत्र्यावर पेन्सिलीनेच खुणा केल्या.
पण त्या डक्टना
कुठे उडायचं होतं.

निळ्या मार्करने लिहिलं मग.
दापोलीला मागच्या दाराशी जाऊन
मी परत अंथरुणावर पडलो
की अम्मी अंधारातून जे विचारायची, ते.
कडी लावलीस ना?
तीनच शब्द. शाई वाळू दिली.
झाकण बसवलं, पाव वळसा,
टक्. दुसरी, टक्.
तिसरी मुद्दाम उघडून पुन्हा लावली.

हुमैदसाहेबांना आमची लिपी येत नाही.
काय लिहिलंस, त्यांनी विचारलं.
म्हटलं, तपासणीची नोंद.