एकवीसच्या आत

लाखांदूर रोडला, कटिंगच्या दुकानाला लागून
माझी टपरी. एक प्रिंटर, एक अंगठ्याचं यंत्र
आणि इन्व्हर्टर, जो मे महिन्यात माझ्याआधी थकतो.
आजूबाजूच्या पाच गावांची कमाई मी टाइप करतो.
फार विचार करावा लागत नाही:
एकवीस हजार.
कोणी वीस सांगतं, खाली बघत,
कोणी विचारतं, बाजूवाल्याचं किती टाकलं? तेवढंच टाक.
बी.एड.च्या वर्षी माझा दाखला मीच काढला,
तेव्हाही बोटं आपोआप दोनवर गेली, मग एकवर.

व्यवसायाच्या रकान्यात एकच उत्तर चालतं.
दुर्पता टेंभुर्णे म्हणाली, कोन्त्या महिन्याचा लिवतं?
चैतात मोहा, बैशाखात तेंदूची पानं,
आखाडात रोवना, दिवाईनंतर कापनी,
अन् मंधात हात रिकामा रायला का बिड्या.
त्यातल्या शंभरेक सट्टेदार छाट म्हनून बाजूले काढते
अन् मंग थ्याच इकते.
मी लिहिलं: मजुरी.
ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, एवढुसाच शबुद?

सुकराम उईके आला तो सोमवार होता, बाजाराचा.
मेलेल्या पोराच्या बायकोला निराधारचे पैसे लागावेत म्हणून.
उत्पन्न किती टाकू, विचारेपर्यंत
एकवीस टाइप करून झालं होतं.
थांब, तो म्हणाला.
खिशातून बिडीच्या पुड्याचा कागद काढला,
त्यावर नातीच्या अक्षरात हिशोब.
तेलंगणात मिरची तोडली, नऊ हजार दोनशे,
तीन पोती मिरचीच्या रूपात, ट्रकवर तिच्यावरच बसून आणली,
चार दिवस डोळे उघडले नव्हते.
तेंदू, चार हजार शंभर.
रोवणा आणि कापणी मिळून सहा हजार सातशे.
तळ्याच्या मातीचे तीन हजार सहाशे,
थे अजून खात्यात आले नाई, पन माती तं मी फेकली.
आठशे मोहाचे.

चोवीस हजार चारशे, तो म्हणाला,
जसं कोणी गावच्या शाळेत पहिला आलेला पोरगा सांगतं.

मी समजावलं. एकवीसच्या वर गेलं की फॉर्म परत येतो.
तीन हजार चारशे सोडून दे, काका.
कोन्ते सोडू? त्याने कागद माझ्यापुढे सरकवला.
मिरचीचे सोडू, का मातीचे?
माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेवढ्यात लाइट गेली.
न निघालेल्या प्रिंटचे तीस रुपये त्याने टेबलावर ठेवले,
मी परत दिले, त्याने घेतले नाहीत.

गुरुवारी सून आली, एकटी. जमुना.
यंत्राने तिचा अंगठा ओळखला नाही.
तिने तो पदराला पुसला. नाही.
केसांतून फिरवला, तेलाचा, मग ठेवला,
हिरवा दिवा लागला.
एकवीस टाका भाऊ, ती म्हणाली,
अन् मामाजीनं इचारलं तं चोवीस हजार चारशेच सांगजा.
दाखला चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवला
आणि सायकलवर दोन पायली तांदूळ होता, तो सावरत गेली.

आता पैसे येतात तिचे. उशिरा येतात.
सुकराम अजून बाजाराच्या दिवशी टपरीशी थांबतो,
आत येत नाही. उन्हात उभा राहून ओरडतो:
यंदा सव्वीस झाले रे, लिवून ठेव!
कटिंगवाला हसतो. मी मान हलवतो.
टेबलाच्या खणात कार्बनची जुनी वही आहे,
तिच्या शेवटच्या पानावर
मी लिहून ठेवतो.