हेर निनावे

जर्मनमध्ये 'मी' म्हणजे इश.
पहिल्या दिवशी घरी येऊन मोठ्यानं म्हटलं,
तर वैजयंताच्या हातातलं लाटणं थांबलं.
"इश्श! काय म्हणून राह्यले तुम्ही, या वयात?"
आणि पोळी जळेस्तोवर हसली.

'आहे' म्हणजे बिन.
इश बिन. मी आहे.
मला मात्र ते कितीतरी दिवस उलटंच ऐकू यायचं:
बिनपगारी, बिनकामाचा,
हिंगण्याच्या गेटवरचं कुलूप हलवून बघून
परत फिरलेला, बिन.
मॅडम म्हणाल्या, रोज शंभरदा म्हणा.
म्हणतो. गोळीबार चौकापासून नंदनवनापर्यंत
सायकलवर, हेल्मेट नसलेल्या ओठांनी.

क्लास झेरॉक्सच्या दुकानावर.
एकोणीस पोरंपोरी, बहुतेक नर्सिंगच्या,
आणि शेवटच्या बाकावर मी, बेचाळीस.
पोरी मला काका म्हणतात.
बोकारे मॅडम म्हणतात, हेर निनावे.
हेर म्हणजे श्रीयुत.
ऋचितानं हे ऐकून शेजारीपाजारी जाहीर केलं
की आमचे बाबा गुप्तहेर झाले,
आणि त्यातही निनावे.

तेवीस वर्षं मी "ए वेल्डर" होतो.

श्वाइस म्हणजे घाम.
श्वाइसन म्हणजे वेल्डिंग करणे.
हा एक धडा मला पाठ करावा लागला नाही.

नोकरी का सोडली? असं विचारतील.
वाइल, कारण,
आणि मग क्रियापद जातं वाक्याच्या शेवटी,
आपल्या मराठीसारखंच,
सेकंड शिफ्टवरून सगळे निजल्यावर घरी येणाऱ्या माणसासारखं.
कारण कारखाना बंद आहे.
मी सोडली नाही हो, हे सांगायचं वाक्य
पुस्तकात नव्हतं. मॅडमनी वहीत लिहून दिलं.

तुमचा कमकुवतपणा सांगा.
पोरी म्हणतात, मी फार मेहनत करते.
मला खरं काय ते आठवत बसलो.
ठिणग्यांनी डावा डोळा जरा अंधुक.
नाही म्हणता येत नाही.
थकबाकी मागायला गेलो की आवाज बसतो.
यातलं काहीच सांगायचं नसतं, म्हणाल्या मॅडम.
सांगायचं: मी अधीर आहे.
अधीर! मी, ज्यानं चौदा महिने
ग्रॅच्युइटीच्या खिडकीपुढे काढले.

मे महिना, दुपारी अडीच.
आवाज येतो म्हणून कूलर बंद.
फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला,
माझा पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला,
श्वाइस, श्वाइस.
वैजयंतानं कुकरची शिटी काढून हातात धरलेली.
पडद्यावर एक बाई, चष्मा, मागे खिडकी,
खिडकीत नुसता करडा उजेड.
"गुटन टाग, हेर निनावे."
इंग्रजीतला डब्ल्यू त्यांच्याकडे व असतो,
म्हणून माझं नाव पहिल्यांदाच
कुणा परक्यानं न मोडता उच्चारलं.

मग तिनं काहीतरी लांबलचक विचारलं
आणि मला त्यातलं पाच वर्षं एवढंच कळलं.
कुकरच्या वाफेसारखी शांतता.
वहीतलं शेवटचं पान आठवलं.
कोनन झी दास बिट्टं वीडरहोलन?
कृपया पुन्हा सांगाल का?

फोरमनला हे कधी विचारलं असतं
तर शिव्या पडल्या असत्या.
मी मान थोडी खाली घेतली, सवयीनं.

बाईनं चष्मा वर सरकवला,
"नाटुर्लिश," म्हणाली,
आणि तोच प्रश्न पहिल्यापासून,
एकेक शब्द सुटा करून,
माझ्यासाठी.