शिरोरेघेशिवाय

तिबिलिसीत आज मला काहीच काम नाही.
विमान उद्या रात्रीचं.
खोली देणाऱ्या पोरानं नकाशावर पेनानं
चार गोल काढून दिले: हे बघा, हेही बघा,
हे राहिलं तरी चालेल, पण हे बघाच.
नकाशा मी खोलीत विसरले.
खरं सांगायचं तर, विसरले नाही.

सदतीस वर्षं मुद्रितं तपासली.
लग्नपत्रिकेतसुद्धा मला आधी ऱ्हस्वदीर्घ दिसायचे,
मग वधूवर.
इथं पाट्यांवरची अक्षरं गोल गोल,
काकडीच्या तणाव्यांसारखी वळलेली,
आणि डोक्यावर रेघ नाही,
जशी दोरी कुणी ओढून नेली
आणि कपडे तसेच हवेत राहिले.
एकही ओळखीचं नाही.
कुठे चूक असेल तर असो बापडी.
पेन्शन सुरू होऊन दोन वर्षं झाली,
डोळ्यांना ती आज मिळाली.

फुटपाथवर पिकल्या तुतींचा चिखल,
चपलांचे तळ जांभळे.
कानाला पिवळा बिल्ला लावलेला एक कुत्रा
सरकारी माणसासारखा
दोन चौकांपर्यंत मला पोचवून परत गेला.

तळघराच्या खिडकीत गरम वास.
पिठाच्या हातांचा माणूस म्हणाला, "पुरी?"
मी हसले. म्हटलं, हो, पुरी.
विहिरीत वाकावं तसा तो भट्टीत वाकला
आणि काढली हातभर लांब रोटी,
होडीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती.
आपल्या पुरीची ही थोरली बहीण असणार,
लहानपणीच परमुलखात दिलेली.
काखेत धरून हिंडले,
टोकं मोडून खात, रस्त्यात, उभ्यानं.

बागेत एक पोर ओरडलं, "मामा! मामा!"
धावत आला तो त्याचा बाप.
नाक तेच, चालणंही तेच.
समासात खूण करायला हात शिवशिवला.
पेन्सिल नव्हती, बरं झालं.

पुलाजवळ जुना बाजार. चादरींवर
पदकं, कॅमेरे, कुणाच्या तरी रुखवतातले चमचे.
नाझिब्रोला,
हे नाव तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं,
चष्म्याची एक डबी विकत होती.
उघडली तर आत चष्मा होताच.
डोळ्यांना लावला: माझाच नंबर, जवळजवळ.
"ओतार," ती म्हणाली
आणि आभाळाकडे नाही,
नदीकडे बोट केलं.
बुडाला? की पलीकडच्या काठाला राहतो,
दुसऱ्या कुणाबरोबर?
विचारायला शब्द नव्हते. असते तरी
विचारलं असतं की नाही, सांगता येत नाही.
मी डबी घेतली. चष्मा नाही.
ती तो हातात धरून बसली,
काड्या उघडत, मिटत.

खोली सातव्या मजल्यावर. इथल्या लिफ्टला
आधी नाणं घालावं लागतं, देवळातल्या पेटीसारखं.
सुटे सगळे डबीला गेलेले. चढले.
दर मजल्याच्या खिडकीतून तोच चौक,
या घरातून त्या घरात नेलेली दोरी,
दोरीखाली परकर, टॉवेल, पोराची विजार:
वर रेघ, खाली शब्द.
चौथ्या मजल्यावर दम खात
वाचून पाहिलं.
सहाव्यावर नाद सोडला.

रात्री दिवा मालवण्याआधी
त्या डबीत माझा चष्मा ठेवून पाहिला.
बसला.
पुन्हा काढून उशाशी ठेवला,
उघडाच.