मोकळा दिवस

सप्ताहाच्या छापील पत्रिकेत
आठव्या दिवसापुढे एवढंच होतं:
मोकळा दिवस. ऐच्छिक.
बाकी सगळ्या दिवसांना वेळा होत्या,
काकडा, अध्याय, फराळ, अध्याय, प्रसाद,
आणि कंसात, औषधं घ्यावीत.

ऐच्छिक म्हणजे हो काय, मी गद्रेकाकांना विचारलं.
म्हणजे तुमची इच्छा, वहिनी.
रात्रभर कूस बदलत मी आठवत होते
ती कुठे ठेवलीय.

सकाळी मोठी मशीद.
दारावरच्या पोराने अदबीने, हातानेच सांगितलं: केस.
आम्ही तेवीस बायकांनी एकदम पदर घेतला,
मंडळाच्या भगव्या टोप्यांवरूनच.
मामंजी गेल्यापासून मी पहिल्यांदा.
चपला काढून ओळीत लावल्या,
तेवढं ओळखीचं होतं.
आत गालिचा. केवढा, तर
कुमुद कानाशी म्हणाली,
"हा झटकायला कुठे नेत असतील गं?"
आणि मला हसू फुटलं, आठ दिवसांतलं पहिलं,
तेही देवाच्या घरात, आणि दुसऱ्यांच्या.

मग मत्राहचा बाजार. लोबानाचे खडे, तागडीवर.
वैद्यबाई पाव किलोसाठी इतक्या हुज्जत घालत राहिल्या
की दुकानदार म्हणाला, सरळ हिंदीत,
अम्मा, फुकट न्या, पण जरा बसा.
त्या बसल्या. पाणी प्यायल्या.
मग पैसेही दिले, पूर्ण.

संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता.
सूर्यास्त बघायचा आहे, गद्रेकाका माइकवर म्हणाले.
सगळे कठड्याशी उभे, मोबाइल उगारून,
समुद्राकडे तोंड करून.
मी सगळ्यांत पुढे. आंजर्ल्याची बाई मी,
सूर्य कुठे बुडतो हे मला कोण सांगणार?
चाळीस वर्षं मागल्या पडवीतून
हातात सूप घेऊन पाहिलाय त्याला पाण्यात उतरताना.

थांबलो.
पाणी राखाडी झालं. लाकडी गलबतं काळी पडली.
बसच्या दारातून सालेह ड्रायव्हर ओरडत होता,
दोन्ही हात हलवत.
वळून पाहिलं, तर सूर्य आमच्या पाठीशी,
गवताची काडी नसलेल्या डोंगरामागे
निम्मा गेलेला.

अख्खा ग्रुप एकदम वळला. बुवासुद्धा.
कोणी म्हणालं, फसवलंन्.
मी मात्र पुन्हा पाण्याकडे वळले.

म्हणजे हे तेच पाणी. उलट्या अंगाने.
म्हणजे इथला सूर्य रोज सकाळी
आमच्या परसातून निघून येत असणार,
आणि मी ज्या रेघेशी त्याला निरोप देत होते
तिच्या पलीकडे कोणीतरी
दात घासत त्याची वाट बघत असणार.
हे मला कधी सुचलंच नव्हतं.
सूप पाखडत राहिले.

घड्याळ मी बदललं नव्हतं. त्यात सव्वासात.
तिकडे दिवेलागण होऊन तास झाला,
धाकटीने तुळशीपाशी दिवा ठेवला असेल,
घाईत, वात तिरपी.
तो तास माझ्याकडे शिल्लक होता,
कुणाच्याच हिशेबात न धरलेला.

फोन वाजला. "आई, आमसुलं कुठल्या बरणीत?"
उजवीकडच्या, मी म्हटलं.
ठेवल्यावर आठवलं, डावीकडच्या.
परत फोन केला नाही.

मुलाने दिलेल्या पाच रियालची घडी मोडली.
दोन चहा घेतले, वेलची घातलेले, घट्ट.
एक सालेहला.
एक घेऊन कठड्याच्या पायरीवर बसले,
चपला काढून, केसांची पिन काढून.
वारा खारा होता, तोच.

मागे गद्रेकाका डोकी मोजत होते.
सदतीस. पुन्हा पहिल्यापासून. सदतीस.
कोण राहिलंय, कोण?
ऐकू येत होतं मला.
चहा अजून अर्धा होता.