पंच्याहत्तरावं धुणं

गाऊनच्या आतल्या काठाला चौकटींची पट्टी असते.
धुऊन आला की एक चौकट काळी करायची,
न पुसणाऱ्या शाईनं.
पंच्याहत्तर भरल्या की गाऊन संपला,
मग तो कितीही नवा दिसो.

एकवीस वर्षं हे काम माझं.
ग्वाल्हेर, लष्कर, कंपूच्या उतारावरचं साठ खाटांचं इस्पितळ.
तळघरात बॉयलर, बॉयलरपाशी रामसनेही,
आणि वर, गच्चीच्या दाराशी माझं टेबल,
काचेचं, खालून ट्यूबलाइट.
त्यावर गाऊन पसरायचा, हात फिरवायचा,
छाती, पोट, कोपरापर्यंत बाह्या.
कुठं उजेडाचा ठिपका वर आला
की रामसनेही म्हणायचा, "जिज्जी, जे तो गओ."
सुईच्या टोकाएवढा ठिपका.
रक्ताला तेवढा पुरतो.

गेलेला गाऊन लगेच जायचा नाही.
पाठीच्या कापडात कात्र्या-चिमटे बांधले जायचे,
बाह्यांची पोतेरी व्हायची,
नाड्या मी घरी न्यायची. उकळलेल्या, शंका नको.
माझी लोणच्याची बरणी अजून
एका हिरव्या नाडीनं बांधलेली आहे.

मग निळे आले.
खोक्यात पन्नास, कागदासारखे,
घडी मोडताना कुरकुरणारे.
एकदा घालायचे, पिवळ्या पिशवीत टाकायचे,
भट्टीची गाडी एक दिवसाआड.
डॉक्टर भदौरिया म्हणाले, "शिंत्रेताई, आता आराम."
मी गप्प राहिले.
सगळ्यांना वाटलं, बाईला जुन्याचं वाईट वाटतंय.

आदल्या मे महिन्यात
टँकर दोन दिवस आला नव्हता,
नवा माल आग्र्याहून निघालाच नव्हता,
आणि पट्टी भरलेला एक गाऊन मी पुढं ढकलला.
शहात्तर. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.
टेबलावर ठिपका नव्हता,
की मीच नीट पाहिलं नाही?
सिस्टर एलियम्मा तो घालून रात्रीच्या बाळंतपणाला उभी राहिली.
बाहेर आली तेव्हा डाव्या कोपराखाली
ओलं, लाल, रुपयाएवढं.
नेमकं तिथंच सकाळी विळीनं कापलेलं.

सहा महिने तिच्या रक्ताचे कागद येत राहिले.
सगळे स्वच्छ.
सहा महिने तिनं मला एकदाही विचारलं नाही.

पुढं साथ आली. खोकी संपली.
तेच निळे मी गच्चीत दोरीवर पाहिले,
फवारून वाळत घातलेले,
"एकदाच वापरा" छापलेली छाती वाऱ्यानं फुगलेली,
मागं किल्ला.
त्यांना ना पट्टी, ना चौकट.
कितव्यांदा, ते कुणालाच सांगता येईना.
माळ्यावरून चाळीस कापडी खाली उतरवले.
रामसनेहीनं गुडघे धरत धरत बॉयलर पेटवला.

आता दोन्ही आहेत, शेजारी शेजारी, एकाच कपाटात.
नवी आलेली पूनम तोमर विचारते,
ताई, यातला चांगला कोणता?

मी ट्यूब लावते. गाऊन पसरते.
पेन तिच्या हातात देते.
ती चौकट भरते, टोपण लावायला विसरते, चहाला जाते.
मी मोजते. एकसष्ट.
मग पुन्हा मोजते,
उलट्या टोकाकडून.